तळ, पाठ आणि जू : सीझरच्या युद्धगद्यातील लॅटिन वाक्प्रचार

इयत्ता नववीच्या सायंकाळच्या अभ्यासिकेत एकदा प्राचीन रोमचा विषय निघाला होता. ज्यूलियस सीझर या रोमन सेनापतीने गॉल, म्हणजे आजचा फ्रान्स, बेल्जियम आणि लगतचा प्रदेश, इ.स.पू. ५८ पासूनच्या काही वर्षांत जिंकला, असे मी सांगत होतो. एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, हरलेल्या लोकांनी या लढायांबद्दल काही लिहून ठेवले आहे का?" मला 'नाही' असे उत्तर द्यावे लागले. गॉलमधील लोक हिशेबासाठी ग्रीक लिपी वापरीत, परंतु त्यांनी लिहिलेला या युद्धाचा इतिहास आपल्याकडे नाही. सविस्तर असा समकालीन वृत्तान्त एकच आहे आणि तो जेत्याने स्वतः लिहिलेला आहे.

मग हरलेली माणसे शोधायची कोठे? ती जेत्याच्याच वाक्यांत शोधावी लागतात, आणि त्यासाठी त्याच्या वाक्यांची घडण समजून घ्यावी लागते. मी लॅटिनचा पंडित नाही. इतिहासाचा शिक्षक म्हणून व्याकरण आणि कोश हाताशी ठेवून सीझरचा ग्रंथ वाचत आलो, त्यातून जे हाती लागले ते आमचे माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे ठेवतो. लॅटिन शब्द देवनागरीत, साधारण मूळ उच्चाराला धरून दिले आहेत.

ग्रंथ आणि त्याची भाषा

सीझरच्या ग्रंथाचे रूढ नाव 'दे बेल्लो गाल्लिको' म्हणजे 'गॉलच्या युद्धाविषयी' असे आहे. त्याचे पहिले सात भाग सीझरचे असून आठवा भाग त्याचा सहकारी औलुस हिर्तिउस याने लिहिला. सीझर स्वतःचा उल्लेख 'मी' असा करीत नाही. 'सीझरने आज्ञा केली', 'सीझर निघाला' अशी त्याची तृतीयपुरुषी रीत आहे. त्यामुळे लिहिणारा जणू बाजूला उभा राहून पाहत आहे, असा भास होतो. सिसेरोसारख्या मोठ्या वक्त्यानेही या साध्या, अलंकारविरहित शैलीची प्रशंसा केली होती.

ही शैली ठरावीक वाक्प्रचारांवर उभी आहे. सैन्य रोज चालते, रोज तळ देते, पुन्हा पुन्हा लढते. म्हणून तीच क्रिया सांगणारे तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. असे चाळीस-पन्नास वाक्प्रचार पाठ झाले की नवशिक्या वाचकालाही पाने उलगडू लागतात. लॅटिन शाळांत हा ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या सुरुवातीला शिकवला गेला, त्याचे हे एक कारण होय.

तळ, मजल आणि पाठ

मराठी वाचकाला यातील पुष्कळ वाक्प्रचार घरचेच वाटतील. 'कास्त्रा पोनेरे' म्हणजे तळ देणे, 'कास्त्रा मोवेरे' म्हणजे तळ हलवणे. 'माग्निस इतिनेरिबुस', शब्दशः 'मोठ्या प्रवासांनी', म्हणजे लांब लांब मजला मारीत. रोमन सैनिकाची साधी चाल उन्हाळ्यातील पाच तासांत वीस रोमन मैल असावी, असे वेगेतिउस या उत्तरकालीन लेखकाने नोंदवले आहे. तेव्हा 'मोठी मजल' म्हणजे त्याहून अधिक, हे ध्यानात येते. सैन्याच्या सामानाला 'इम्पेदिमेन्ता' म्हणत. त्याचा मूळ अर्थ पायांत अडथळा आणणारी वस्तू असा आहे. आपल्या बखरींतील 'बुणगे' हा शब्द ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही अडचण निराळी समजावून सांगावी लागणार नाही.

'तेर्गा वेर्तेरे' म्हणजे पाठ फिरवणे. मराठीत आपण शत्रूला 'पाठ दाखवली' असे म्हणतो, अर्थ तोच. 'पेदेम रेफेर्रे' म्हणजे पाऊल मागे नेणे. हे दोन वाक्प्रचार वरवर सारखे दिसतात, परंतु त्यांत मोठा फरक आहे. पाठ दाखवणारा पळतो. पाऊल मागे घेणारा शत्रूकडे तोंड ठेवूनच मागे सरकतो. इ.स.पू. ५८ मध्ये हेल्वेती लोकांशी झालेल्या लढाईत सीझर लिहितो की, जखमांनी थकून त्यांनी पाऊल मागे घेतले आणि ते टेकडीवर सरकले. पुढे तोच कबुली देतो की, दिवसाच्या सातव्या तासापासून संध्याकाळपर्यंत चाललेल्या त्या लढाईत पाठ फिरवलेला शत्रू कोणालाही दिसला नाही. हरलेल्यांच्या शौर्याची ही साक्ष जेत्याच्या लेखणीतून आली आहे. दोन वाक्प्रचारांतील भेद ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हातून ती निसटते.

'सिग्ना इन्फेर्रे', शब्दशः निशाणे पुढे नेणे, म्हणजे चाल करून जाणे. 'सिग्ना कोन्वेर्तेरे', निशाणे वळवणे, म्हणजे सैन्याने तोंड फिरवणे. रणांगणाच्या गोंगाटात हुकूम ऐकू येणे कठीण, निशाण मात्र दिसते. निशाण जिकडे, तिकडे सैन्य. म्हणून निशाणाची हालचाल हीच सैन्याची हालचाल ठरली.

'कडून', 'मधून' आणि 'साठी'

लॅटिनमध्ये नामाला विभक्तीचे प्रत्यय लागतात आणि शिवाय बहुतेक वेळा नामापूर्वी एक लहान अव्यय येते. आपली शब्दयोगी अव्यये नामानंतर येतात, त्यांची आधी येतात, एवढाच स्थूल फरक. लॅटिनच्या सहा विभक्तींपैकी 'अब्लातिवुस' ही विभक्ती संस्कृतातील तृतीया, पंचमी आणि बरीचशी सप्तमी यांचे काम एकटी करते. म्हणून अव्यय आणि विभक्ती दोन्ही पाहिल्याखेरीज अर्थ लागत नाही.

'इन' हे अव्यय घ्या. 'इन सिल्वास' म्हणजे जंगलात शिरणे आणि 'इन सिल्विस' म्हणजे जंगलात असणे. मराठीत 'जंगलात गेले' आणि 'जंगलात राहिले' या दोन्ही ठिकाणी 'त' हाच प्रत्यय लागतो, क्रियापद भेद सांगते. लॅटिनमध्ये तो भेद नामाच्या प्रत्ययातच दिसतो.

'आ' किंवा 'आब' म्हणजे 'पासून, कडून'. परंतु 'आ तेर्गो' म्हणजे 'पाठीपासून' असे नव्हे, तर 'पाठीमागे, पाठीमागून'. 'आ फ्रोन्ते' म्हणजे 'समोरून'. इंग्रजीच्या वाटेने लॅटिनकडे जाणारा विद्यार्थी येथे अडखळतो. मराठी विद्यार्थ्याने अडखळण्याचे कारण नाही, कारण आपणही 'पाठीमागून हल्ला झाला', 'समोरून सैन्य आले' असेच म्हणतो. 'लातुस आपेर्तुम' म्हणजे 'उघडी बाजू'. ही बहुधा उजवी बाजू असते, कारण ढाल डाव्या हातात असते. सैन्याच्या पिछाडीला 'नोविस्सिमुम आग्मेन' म्हणत. 'नोवुस' म्हणजे नवा, आपल्या 'नव' शब्दाचा सख्खा नातलग. सर्वांत शेवटी येणारी तुकडी ती 'सर्वांत नवी'.

'दे तेर्तिया विगिलिया' म्हणजे रात्रीच्या तिसऱ्या पहाऱ्यात. रोमन सैन्य रात्रीचे चार भाग करी आणि प्रत्येक भागाला पहारेकरी बदलत. आपल्याकडेही रात्रीचे चार प्रहर मानले जातात, तेव्हा 'तिसरा प्रहर' म्हणजे मध्यरात्रीनंतरचा काळ हे निराळे सांगणे नको.

एक शब्द मात्र नामानंतर येतो, अगदी मराठीसारखा. तो म्हणजे 'काउसा', अर्थात 'करिता'. 'फ्रुमेन्ती काउसा' म्हणजे 'धान्याकरिता'. हा वाक्प्रचार वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

'सुब' : एकाच अव्ययाची चार रूपे

'सुब' म्हणजे 'खाली'. 'सुब मोन्ते' म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी. 'सुब वेस्पेरुम' म्हणजे संध्याकाळच्या सुमारास. येथपर्यंत शब्द निरुपद्रवी आहे.

तिसरे रूप 'सुब युगुम मित्तेरे'. 'युगुम' म्हणजे जू. संस्कृतातील 'युग' आणि त्यावरून आलेला आपला 'जू' हे शब्द त्याच कुळातले आहेत. दोन भाले उभे रोवून त्यांवर तिसरा आडवा बांधत आणि पराभूत सैनिकांना त्याखालून वाकून जायला लावत. याला 'जुवाखाली पाठवणे' म्हणत. बैलाच्या मानेवर जू ठेवलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या विधीचा अर्थ सांगावा लागत नाही. इ.स.पू. १०७ मध्ये हेल्वेतींपैकी एका शाखेने रोमन कॉन्सल लुकिउस कास्सिउस याला ठार करून त्याच्या सैन्याला असे जुवाखालून घातले होते. तब्बल ४९ वर्षांनी हेल्वेतींनी रोमन प्रांतातून वाट मागितली, तेव्हा सीझरने ती नाकारताना याच अपमानाची आठवण नोंदवली. रोमन मान एकदा वाकली, तर अर्धे शतक ती गोष्ट विसरली जात नाही.

चौथे रूप 'सुब कोरोना वेन्देरे', शब्दशः 'मुकुटाखाली विकणे'. 'कोरोना' म्हणजे फुलापानांचा मुकुट किंवा माणसांचे कडे. युद्धकैद्यांना गुलाम म्हणून विकणे, हा या वाक्प्रचाराचा अर्थ. विकायच्या माणसांच्या डोक्यावर माळ घालत म्हणून, किंवा त्यांच्याभोवती सैनिकांचे कडे असे म्हणून, अशी दोन स्पष्टीकरणे औलुस गेल्लिउस या दुसऱ्या शतकातील लेखकाने नोंदवली आहेत आणि त्याचा कल पहिल्याकडे आहे. शब्द ऐकायला सुंदर, प्रसंग मात्र बाजाराचा.

इ.स.पू. ५६ मध्ये वेनेती नावाच्या समुद्रकाठच्या लोकांवर, आजच्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावर, हा प्रसंग आला. या लोकांनी आधी आपली माणसे रोमनांकडे ओलीस दिली होती. नंतर रोमन अधिकारी त्यांच्याकडे धान्याकरिता, म्हणजे 'फ्रुमेन्ती काउसा', आले तेव्हा वेनेतींनी त्यांना अडकवून ठेवले. आमची माणसे द्या, तुमची घ्या, अशी त्यांची मागणी होती. ग्रंथात प्रथम हे अडकलेले लोक लष्करी अधिकारी असतात. थोडे पुढे गेल्यावर त्यांच्यासाठी 'लेगाती' म्हणजे 'राजदूत' हा शब्द येतो. राजदूत पवित्र, त्याला हात लावणे हा सर्व लोकांत अपराध. एक शब्द बदलला आणि ओलिसांची अदलाबदल मागणारे लोक अपराधी ठरले. समुद्रावरील लढाईत हरून ते शरण आले. सीझरने त्यांची सारी ज्येष्ठसभा ठार केली आणि उरलेल्यांना 'मुकुटाखाली' विकले. एवढी मोठी घटना एका लहान वाक्यात संपते.

त्याच्या आदल्या वर्षी, इ.स.पू. ५७ मध्ये, अदुआतुकी लोकांचे गाव शरण आले होते. 'सुब वेस्पेरुम', संध्याकाळच्या सुमारास, सीझरने आपले सैनिक गावाबाहेर काढून दरवाजे बंद करवले. रात्री सैनिकांकडून गावकऱ्यांना उपद्रव होऊ नये, असे कारण तो देतो. गावकऱ्यांनी काही शस्त्रे लपवून ठेवली होती. तिसऱ्या पहाऱ्यात त्यांनी बाहेर पडून हल्ला केला आणि तो फसला. सुमारे ४,००० माणसे पडली. दुसऱ्या दिवशी गावातील सारे काही एकगठ्ठा विकले गेले. विकत घेणाऱ्यांनी सीझरला जो आकडा कळवला, तो ५३,००० 'कापिता'. 'कापुत' म्हणजे डोके. आपण गुरे मोजताना 'शंभर डोकी' म्हणावे, तसा हा हिशेब आहे. आकडा सीझरचा आहे, हे ध्यानात ठेवूनही वाचकाने येथे थांबावे. पाच वर्षांनी अलेसियाच्या वेढ्यानंतर त्याने दोन जमातींचे कैदी राखून ठेवले आणि उरलेल्यांतून सैनिकांना लूट म्हणून दरडोई एकेक कैदी वाटला. तेथेही शब्द 'डोके' हाच.

कर्ता कोठे गेला?

लॅटिनमध्ये एक रचना आहे. संस्कृत शिकलेल्यांना ती सति सप्तमीसारखी वाटेल. नाम आणि धातुसाधित यांची जोडी करून मुख्य वाक्यापूर्वी ठेवतात : 'ही कामे उरकली असता', 'ओलीस घेतले गेले असता', 'शेते जाळली गेली असता'. ही रचना सुटसुटीत आहे, परंतु तिच्यात कर्ता सांगावा लागत नाही. वेनेतींच्या ज्येष्ठसभेचा वध अशाच जोडशब्दांत आला आहे. सभा मारली गेली, पुढचे काम सुरू झाले. कोणी मारली, किती जण होते, त्यांची नावे काय, हे व्याकरण विचारत नाही. ते वाचकाने विचारायचे असते.

याउलट आपली माणसे पडतात, तेव्हा लेखणी रेंगाळते. 'आद ऊनुम', शब्दशः 'एकापर्यंत', म्हणजे मराठीतील 'एकूण एक'. इ.स.पू. ५४ मध्ये एका रोमन सैन्याला दरीत गाठून एबुरोनी लोकांनी कापून काढले. तळावर परतलेल्यांनी आशा सोडून रात्री स्वतःलाच संपवले, एकूण एक. त्या प्रसंगात निशाण वाहणारा लुकिउस पेत्रोसिदिउस आपले गरुडचिन्ह तटाच्या आत फेकून लढता लढता पडला, हे सीझर नावानिशी सांगतो. ते योग्यच आहे. त्या निशाणधारकाचा मान कमी करण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, ५३,००० डोक्यांत नाव एकाचेही नाही.

'नव्या गोष्टींची ओढ'

सीझरचा आणखी एक आवडता वाक्प्रचार म्हणजे 'नोविस रेबुस स्तुदेरे'. शब्दशः अर्थ 'नव्या गोष्टींची ओढ धरणे'. रोमन राजकीय भाषेत त्याचा अर्थ होतो बंड करू पाहणे. चालत आलेले ते चांगले आणि नवे ते संशयास्पद, ही समजूत भाषेतच मुरलेली आहे. ज्यांच्या ताब्यात सत्ता आणि जमीन असते, त्यांच्या भाषेत 'नवे' हा शब्द भीतीचा असतो. जमिनीवर परकी सैन्ये आलेल्या गॉलच्या लोकांनी ती परत मिळवू पाहिली, तरी त्यांच्यावर शिक्का हाच.

परंतु याच ठिकाणी सीझरची लेखणी एक सत्य सांगून जाते. वेनेतींवर स्वारी का केली, याची कारणे देताना तो म्हणतो की, बहुतेक सर्व गॉल लोकांना नव्या गोष्टींची ओढ असते, आणि लगेच पुढे म्हणतो की, सर्वच माणसांना स्वभावतः स्वातंत्र्याची ओढ असते व दास्याच्या स्थितीचा तिटकारा असतो. दोन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे, 'स्तुदेरे'. पहिल्यांदा ते बंडखोरीचा आरोप आहे, दुसऱ्यांदा मनुष्यस्वभावाचे वर्णन. ज्यांना तो बंडखोर ठरवतो, ते स्वातंत्र्य मागत आहेत, हे त्याला पूर्ण ठाऊक होते. ठाऊक असूनही थोड्याच पानांनंतर त्याने त्या माणसांना मुकुटाखाली विकले.

पुढे पहिल्या शतकाच्या अखेरीस ताकितुस या रोमन इतिहासकाराने ब्रिटनमधील एका सेनानीच्या तोंडी असा आरोप घातला की, रोमन लोक लुटीला आणि ओसाडीला खोटी, चांगली नावे देतात. म्हणजे त्याच लॅटिन भाषेत शब्दांमागचे पाप ओळखणारा लेखकही निर्माण झाला. दोष भाषेचा नसतो. जी भाषा झाकते, तीच उघडेही करते.

वाचकाने काय करावे?

आमच्या विद्यार्थ्यांना मी सांगतो की, युद्धाचा कोणताही वृत्तान्त वाचताना तीन गोष्टी कराव्यात. वाक्यात कर्ता नसेल तर तो शोधावा. आकडा आला तर तो कोणी मोजला आणि कशासाठी मोजला, हे विचारावे. आणि ठरावीक वाक्प्रचार आला की, तो एकदा शब्दशः उघडून पाहावा. 'तळ हलवला' याखाली चालणारे पाय असतात, 'धान्याकरिता' याखाली कोणाचे तरी कोठार रिकामे झालेले असते. हा नियम रोमन सेनापतीपुरता नाही. आपल्याला प्रिय असलेल्या पराक्रमांच्या कथांनाही तो लागू करण्याचे धैर्य असावे.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला आज मी थोडे वेगळे उत्तर देईन. हरलेल्यांनी लिहिलेले आपल्याकडे नाही, परंतु त्यांना स्वातंत्र्य हवे होते ही नोंद आहे, आणि ती त्यांच्या शत्रूच्याच अक्षरांत आहे. ती वाचण्यासाठी 'स्तुदेरे' हा एक शब्द नीट समजावा लागतो. इंग्रजीतील 'स्टुडंट' हा शब्द याच क्रियापदापासून आला आहे. ज्याला ओढ आहे तो स्टुडंट. आपला 'विद्यार्थी' हा शब्दही तेच सांगतो : विद्येची ज्याला इच्छा आहे तो. आपल्या वसतिगृहाच्या दिव्याखाली बसून गेलेल्या आणि आज बसलेल्या सर्व विद्यार्थ्यांची ही ओढ कायम राहो, एवढीच या निमित्ताने सदिच्छा.